वीस सेकंदात पान सोडणारा वाचक नेमकं काय करून राहिला?

सॉफ्टवेअरसोबत जे ऑनलाइन डॉक्युमेंटेशन येतं ना, म्हणजे इन्स्टॉल कसं करायचं, कोणती कमांड मारायची, एरर आला तर काय बघायचं, ते लिहिणं हे माझं काम आणि इथे नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात बसून त्या पानांच्या ॲनालिटिक्सचे आकडे, म्हणजे किती लोक आले, किती वेळ थांबले, हे मी नेहमी बघत असतो. मीटिंगमध्ये हे आकडे आले की कोणीतरी म्हणतंच, लोक पानावर वीस सेकंदच थांबून राहिले, म्हणजे कोणी वाचतच नाही, मग लिहिण्यात एवढा वेळ काऊन घालवायचा. मला हे अजिबात पटत नाही, कारण अशा हिशोबाने चांगली कामाची पानं उडवली जातात.

पहिले तर ही वेळ मोजतात कशी ते बघू. पानात जावास्क्रिप्टचा एक छोटा तुकडा असतो, पान उघडलं की तो मोजणाऱ्या सर्व्हरला कळवतो. हे मोजणारं गूगलचं साधन म्हणजे गूगल ॲनालिटिक्स, त्याची जुनी पद्धत १ जुलै २०२३ पासून बंद झाली, तिच्यात पुढचं पान कधी उघडलं त्यातून या पानाची वेळ वजा करायचे, आणि पुढचं पानच उघडलं नाही तर साधारणपणे शून्य धरायचे. आता डॉक्युमेंटेशनचा वाचक बहुतेक वेळा एकच पान बघून जातो, म्हणजे ज्या पानासमोर बसून एखाद्याने दहा मिनिटात बंद पडलेला सर्व्हर चालू केला, त्या पानाच्या नावावर शून्य सेकंद! त्याच्या नवीन आवृत्तीत, म्हणजे जीएफोरमध्ये, पान डोळ्यासमोर असेल तेवढाच वेळ धरतात. हे जास्त बरोबर आहे, पण आमचा वाचक अर्धा वेळ टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत असतो, तो वेळ यात येत नाही. शिवाय ३० मिनिटं काही हालचाल नसली की सेशन, म्हणजे वाचकाची ती एक भेट, संपलं असं धरतात, त्यामुळे पान उघडं ठेवून कोणी तर्री पोहे खायला गेला आणि पाऊण तासाने आला तर माणूस तोच, पान तेच, सेशन मात्र नवं.

मिहानमधल्या एका कंपनीत नवीन लागलेल्या पोराच्या बाजूला मी एकदा खुर्ची टाकून बसलो होतो, नुसता बघत. त्याच्या स्क्रीनवर एरर आला, त्याने ती लाल ओळ जशीच्या तशी कॉपी करून गूगलमध्ये टाकली, पहिल्या लिंकवर क्लिक केलं आणि आमच्या एका लांबलचक पानाच्या मधोमध येऊन पडला, वरची प्रस्तावना त्याने पाहिलीसुद्धा नाही. नजर सरळ कोडच्या करड्या चौकटीवर, कॉपी, टर्मिनल, पेस्ट, एंटर. नाही चाललं. परत पानावर आला, चौकटीच्या खालची एकच ओळ वाचली की पोर्ट नंबर वेगळा असेल तर इथे बदला, बदलला, चाललं, टॅब बंद. ॲनालिटिक्समध्ये याचं काय उमटलं असेल? एक पान, थोडे सेकंद, आणि स्क्रोलची नोंदच नाही, कारण जीएफोर ती पानाच्या ९० टक्के खाली गेल्यावरच करतं. आणि ज्याचं काम झालंच नाही, वैतागून निघून गेला, त्याची नोंदही अगदी अशीच दिसते. नुसत्या वेळेवरून या दोघांना वेगळं करताच येत नाही, आणि सगळी गडबड इथेच आहे.

मग वेगळं करायचं कसं? कॉपी मोजा. प्रोग्रामर लोक जिथे प्रश्न विचारतात त्या स्टॅक ओव्हरफ्लो साइटने २०२१ मध्ये २६ मार्च ते ९ एप्रिल एवढ्या काळात हे केलं होतं, चार कोटींच्या वर कॉपी निघाल्या, प्रश्नाच्या पानावर येणाऱ्या दर चार जणांतला एक जण पाच मिनिटांच्या आत काहीतरी उचलतो आणि आजूबाजूच्या मजकुरापेक्षा कोडच्या चौकटीतून दहापटीहून जास्त वेळा उचललं जातं. हे वागणं काही आजचं नाही. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्येच लिहून ठेवलंय की माणसं मॅन्युअल वाचून मग मशीनला हात लावत नाहीत, आधी हात लावतात आणि अडली की शोधतात. म्हणजे अडलेला माणूस हाच आमचा खरा वाचक आणि पान त्याच्यासाठीच लिहायला पाहिजे.

तो काय शोधत आला हे पूर्वी गूगलकडून कळायचं, पण ऑक्टोबर २०११ पासून गूगलने लॉगिन असलेल्यांचे सर्चचे शब्द साइटवाल्यांना देणं थांबवलं आणि दोन वर्षांत जवळपास सगळेच बंद झाले. राहिला आपल्याच साइटचा सर्च बॉक्स, आणि खरं सांगू का, मला जर एकच आकडा ठेवायला सांगितला तर मी यातली 'काही सापडलं नाही' वाली यादी ठेवीन. एका टीमच्या अशा यादीत एकच एरर मेसेज परत परत दिसत होता, आणि गंमत म्हणजे त्यावरचं पान त्यांच्याकडे होतं, उत्तरही बरोबर होतं! पण मेसेज होता स्क्रीनशॉटमध्ये. सर्चला चित्रातली अक्षरं वाचता येत नव्हती, लोक येत होते, टाइप करत होते, रिकाम्या हाताने परत जात होते. तीच ओळ साध्या अक्षरात पानावर टाकली आणि तो मेसेज यादीतून गेला. सरासरी वेळेच्या आकड्यात यातलं काहीही दिसलं नसतं.

आणि बरेच वाचक तर मोजलेच जात नाहीत. टेक्निकल लोक जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर वापरतात, तो जावास्क्रिप्टचा मोजणारा तुकडाही अडवतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक मागणीची एक ओळ लिहिणाऱ्या नोंदवहीत, ते सापडतात, पण तिथे बॉटची, म्हणजे आपोआप पानं उचलणाऱ्या प्रोग्रामची गर्दी असते, म्हणून हे दोन आकडे कधीच जुळत नाहीत. आता तर पुष्कळ जण चॅटजीपीटीलाच विचारतात आणि आमच्या पानावर येतच नाहीत. लॉगमध्ये चॅटजीपीटीवाल्या कंपनीचा जीपीटीबॉट दिसला तर तो मॉडेल शिकवायला मजकूर गोळा करून राहिला, पण चॅटजीपीटी-युजर या नावाने पान उचललं गेलं तर त्यामागे बहुतेक कोणीतरी जिवंत माणूस असतो, ज्याने आत्ता काहीतरी विचारलंय. काय विचारलं ते त्या ओळीत नसतं, कोणतं पान नेलं एवढंच असतं. म्हणून त्या ओळी मी बॉटच्या कचऱ्यात टाकत नाही, वेगळ्या काढून पानाप्रमाणे मोजतो.