पत्र्यावरचा जॉबर

सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्या, पण आमच्या चाळीतला जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, काही रिटायर झाला नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीत तो म्हणे रातपाळीला होता. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचा. मेल्यावरही सवय सुटली नाही, फक्त आता रस्त्याऐवजी पत्र्यावरून जायचा. मे महिन्यात लाइट गेली की आजी दारापुढं चादर अंथरून ही गोष्ट काढायची. गोष्ट रंगात आली की वरून आवाज यायचा. टक्. जरा थांबून, टक्... टक्.

"आज्जे, वर कोण हाय?"

"गप. त्येला उशीर झालाय, जाऊ दे की."

नऊ-दहा वर्षांच्या पोरांना भुताची गोष्ट सांगायची तर अशी. या भुताला आपल्याकडून काहीच नको असतं, ते आपल्या कामाला चाललेलं असतं. रक्त पिणारं, मुंडकं उडवणारं भूत मला या वयासाठी फुकट वाटतं. त्यानं झोप उडते, मजा येत नाही.

यात शरीराचाही हात आहे. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा अमिग्डला असतो. 'टक्' ऐकलं की तो आधी धोक्याची घंटा वाजवतो, खरंखोटं मागाहून. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, छाती धडधडते. अंगावरच्या केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळले जातात आणि अंगावर काटा येतो. मांजर अशी फुलली की दुप्पट दिसते. आपल्या अंगावर केसच विरळ, त्यामुळे आपल्या काट्याला कुणी भीत नाही. तेवढ्यात मेंदूचा पुढचा भाग हिशेब मांडतो: आजी शेजारीच आहे, निवांत शेंगा सोलतेय. धडधड चालूच राहते, पण आता तिची गंमत वाटायला लागते.

डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी भुताटकीच्या खेळघरात शिरलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. अगदी कमी भ्यालेल्यांना मजा आली नाही, फार भ्यालेल्यांनाही नाही, मधल्यांना आली. आजीकडं यंत्र नव्हतं. ती आमचे चेहरे बघून आवाज चढवायची, उतरवायची.

गल्लीच्या टोकाला, लिंबाखाली, पांढरं काहीतरी उभं असायचं. रोखून बघितलं की गायब! हे मात्र डोळ्यांचं काम. मंद उजेडात बघणाऱ्या दंडपेशी पडद्याच्या ऐन मध्यावर नसतातच, त्या आजूबाजूला असतात. म्हणून अंधारातली फिकट वस्तू डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते आणि थेट नजर टाकली की विरते. त्या लिंबाखाली बहुतेक कुणाचं तरी धोतर वाळत असावं.

आणि पत्रा? सोलापूरचं ऊन चाळिशी ओलांडतं तेव्हा पत्रा हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो. अंधार पडला की त्याची उष्णता उघड्या आभाळाकडं निघून जाते आणि तो आकसतो. लोखंडी पत्र्याची लांबी एका अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या १२ हजारांश भागानं, बदलते. तीन मीटरचा पत्रा तीस अंशांनी निवला तर जेमतेम एक मिलिमीटर आखडतो. पण हा मिलिमीटर गुपचूप सरकत नाही. पत्रा हुकांत आवळलेला असतो, खालच्या वाश्याला घट्ट धरून असतो. ताण साठत जातो, साठत जातो, आणि पकड सुटली की एकदम टक्! पुन्हा धरतो, पुन्हा ताण. ओळीनं दहा खोल्यांचे पत्रे असले की हा आवाज कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. चालल्यासारखा.

दिवेलागणीनंतर पत्रा झपाट्यानं निवतो, तेव्हा पावलं लागोपाठ पडतात. मग पत्रा आणि हवा यांच्यातला फरक घटतो, निवणं मंदावतं, दोन टक्‌मधलं अंतर वाढत जातं. आजी नेमकी तेव्हाच म्हणायची, "पोचला बघ गेटावर." आणि आम्ही झोपायचो.