मधल्या बंदरावर क्रूझ पकडायची: तिथूनचं तिकीट की उशिरा चढण्याची परवानगी?

क्रूझची चौकशी करताना नाशिककरांकडून एक प्रश्न हमखास येतो. जहाज मुंबईहून सुटणार. मग कसारा घाट, मुंबईचं ट्रॅफिक, बॅलार्ड पिअरची रांग हे सगळं कशाला? दुसऱ्या दिवशी ओझरहून विमानानं गोव्याला गेलो आणि तिथेच जहाजावर चढलो तर चालेल ना? याचं उत्तर 'हो'ही असू शकतं आणि 'नाही'ही, कारण या एका प्रश्नात दोन वेगळे व्यवहार मिसळलेले आहेत.

पहिल्यात तिकिटावरच चढण्याचं बंदर गोवा असं छापलेलं असतं. म्हणजे कंपनी त्या फेरीत गोव्याहून केबिन विकते, तिथे चेक-इन काउंटर लावते आणि तुमची सफर तिथूनच मोजते. याला या धंद्यात इंटरपोर्टिंग म्हणतात. दुसऱ्यात तिकीट मुंबईचंच असतं, पण तुम्ही मुंबई सोडून पुढच्या बंदरावर जहाज गाठता. हे डाउनलाइन एम्बार्केशन, साध्या भाषेत लेट जॉइनिंग. गोव्याच्या धक्क्यावर दोन्ही प्रवासी शेजारी शेजारी बॅगा घेऊन उभे असतील, पण एकाची सफर आज सुरू होतेय आणि दुसऱ्याची काल सुरू झालीय. पैसे, व्हिसा, जबाबदारी, सगळं यावरून ठरतं.

इंटरपोर्टिंगचं मोठं मैदान म्हणजे भूमध्य समुद्र. एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांची जहाजं जेनोआ, मार्सेय, बार्सिलोना, नेपल्स अशी गोल फिरत राहतात आणि वाटेतल्या बऱ्याच बंदरांवर नवे प्रवासी घेतात, जुने उतरवतात. बार्सिलोनाहून चढलेला सात रात्रींनी बार्सिलोनालाच उतरतो. त्याचं काही चुकत नाही, काही बुडत नाही. मात्र प्रत्येक बंदराच्या वाट्याला ठरावीक केबिन असतात, त्यामुळे जेनोआहून जागा शिल्लक आणि बार्सिलोनाहून भरलेली असं होऊ शकतं. एकाच केबिनचा भावही बंदरागणिक बदलतो. म्हणून बुकिंगपूर्वी दोन-तीन बंदरांचे दर मागून घ्यावेत, आणि त्यात मुंबईहून त्या त्या शहराचं विमानभाडं धरूनच तुलना करावी. बंदराच्या नावालाही फसू नये. वेळापत्रकात 'रोम' लिहिलेलं असलं तरी जहाज लागतं ते चिवितावेक्कियाला, रोमपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर.

लेट जॉइनिंगमध्ये मात्र सगळी भिस्त लेखी परवानगीवर. न कळवता पहिलं बंदर सोडणं ही यातली सगळ्यात महाग चूक. जहाज सुटण्याआधी साधारण तास-दीड तास चेक-इन बंद होतं आणि प्रवाशांची यादी पक्की होते. तोवर तुमचं जहाजावर चढण्याचं कार्ड स्कॅन झालं नसेल तर तुम्ही 'नो-शो' ठरता. मग केबिन रद्द, पैसे परत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या बंदरावर गेलात तर गेटवरच अडवलं जातं. तिथला सुरक्षारक्षक आडमुठेपणा करत नसतो. बंदर-सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम 2004 पासून लागू आहेत. बंदर एजंटानं, म्हणजे कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीनं, दिलेल्या यादीत नाव नसेल तर रक्षक कुणालाच आत सोडू शकत नाही.

परवानगीसाठी कंपनीला, किंवा ज्या एजंटाकडून बुकिंग केलं त्याच्यामार्फत, निदान तीन-चार आठवडे आधी लिहावं. बुकिंग क्रमांक, पासपोर्टवर आहेत तशी सगळ्यांची नावं, पासपोर्ट क्रमांक, कोणत्या तारखेला कोणत्या बंदरावर चढणार, विमानाचा तपशील आणि कारण, एवढं एकाच मेलमध्ये द्यावं. कंपनी ते स्थानिक बंदर आणि इमिग्रेशनकडून तपासून घेते आणि मग होकार-नकार कळवते. एजंट फोनवर 'होऊन जाईल' म्हणाला, ही परवानगी नव्हे. होकाराचं पत्र छापून जवळ ठेवावं, कारण ते आधी मुंबई विमानतळावरच लागू शकतं. एकतर्फी तिकिटावर परदेशी निघालेल्याला चेक-इनवाले पुढच्या प्रवासाचा पुरावा मागतात. तुमच्या क्रूझ तिकिटावर बंदर जेनोआ आणि विमान बार्सिलोनाचं, हा मेळ त्या पत्राशिवाय लागत नाही.

नकार का येतो? कधी कारण भूगोलाचं असतं. ग्रीसच्या सँटोरिनी बेटासारख्या ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही. ते समुद्रात नांगर टाकतं आणि लोकांची ने-आण छोट्या बोटींनी होते. सामान तपासण्याची, इमिग्रेशनची सोय नसल्यानं तिथे नव्या प्रवाशाला सहसा घेत नाहीत. कंपनीच्या खासगी बेटावर तर प्रश्नच नाही. कधी कारण कायद्याचं असतं, आणि यात अमेरिकेचा 1886 चा प्रवासी-जहाज कायदा सगळ्यात जास्त लोकांना अडकवतो. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरावरून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरावर कायमचा उतरवायचा नाही. अपवाद फक्त वाटेत 'दूरचं' परदेशी बंदर लागलं तरच. सिएटलहून अलास्काला जाऊन सिएटललाच परतणारी फेरी घ्या. सिएटल ते सिएटल ठीक. पण विमान चुकलं म्हणून तुम्ही अलास्कातल्या जूनोला चढलात, तर तुमचा प्रवास जूनो ते सिएटल असा धरला जातो. वाटेतलं कॅनडाचं व्हिक्टोरिया बंदर कायद्याच्या लेखी 'जवळचं', त्यामुळे ते उपयोगाचं नाही. कंपनीला दर प्रवाशामागे दंड बसतो, म्हणून ती नकार देते. उलट मायामीहून निघालेलं जहाज मेक्सिकोतल्या कोझुमेलला गाठलं तर या कायद्याची आडकाठी नाही, कारण चढलात ते बंदर अमेरिकेचं नाही.

पैशांचा हिशेब सरळ आहे. इंटरपोर्टिंगमध्ये जेवढ्या रात्री, तेवढं भाडं. लेट जॉइनिंगमध्ये भाडं पूर्ण सफरीचं, गेलेल्या रात्रींचं काही परत मिळत नाही. फार तर हुकलेल्या बंदराचा कर परत मिळू शकतो, तोही मागितला तर. प्रवास विम्यातही फरक पडतो. विमान रद्द झाल्यानं जहाज चुकलं तर पॉलिसीत 'मिस्ड कनेक्शन' असेल तेव्हा पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मिळू शकतो. घरचं लग्न आहे म्हणून आपणहून उशिरा निघालात, तर तो दावा टिकत नाही.

खरी परीक्षा होते ती हवामान बिघडल्यावर. वाऱ्यामुळे कप्तान एखादं बंदर वगळतो, हे क्रूझमध्ये नित्याचं आहे. बार्सिलोना वगळलं, तर तिथून चढणारे शेकडो प्रवासी ही कंपनीची डोकेदुखी: बस, हॉटेल, दुसऱ्या बंदरापर्यंतची सोय तिनं बघायची. लेट जॉइनिंगवाला त्याच धक्क्यावर एकटा असतो. पुढचं बंदर गाठायचं ते स्वतःच्या खर्चानं, आणि त्या नव्या बंदरासाठी पुन्हा होकार मिळवून. म्हणून उशिरा चढायचंच असेल तर असं बंदर निवडावं, ज्याच्यानंतरचं बंदरही रेल्वेनं किंवा विमानानं गाठता येईल. सफरीतलं शेवटून दुसरं बंदर निवडू नये.

व्हिसाचं गणितही बदलतं. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे, मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिला प्रवेश त्या देशाकडे करायचा. बार्सिलोनाहून तिकीट असेल तर पहिला प्रवेश सहसा स्पेन. इटलीकडे अर्ज करून झाल्यावर लेट जॉइनिंगचा बेत बदलला, तर कागदपत्रं आणि प्रत्यक्ष प्रवास यांत फट पडते आणि प्रश्न विचारले जातात. म्हणून परवानगी आधी, व्हिसा अर्ज नंतर. मधेच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानसारखा शेंगेनबाहेरचा देश असेल तर मल्टिपल एंट्रीच, म्हणजे पुन्हा आत येण्याची मुभाच, मागावी.

सुरक्षा कवायतीची गोष्ट गांभीर्यानं घ्यावी. 13 जानेवारी 2012 ला कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं, 32 जण गेले. त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या सहाशेहून अधिक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. 2015 पासून नियम असा, की नव्यानं चढलेल्यांची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच झाली पाहिजे. इंटरपोर्टिंगवाल्यांना त्यासाठी घोषणा करून बोलावतात. लेट जॉइनिंगवाले दोन-चारच असतात, म्हणून त्यांनी चढल्या चढल्या रिसेप्शनवर विचारून आपलं मस्टर स्टेशन, म्हणजे आणीबाणीत जमायची जागा, स्वतः पाहून यावं. लाइफ जॅकेट केबिनमध्ये की स्टेशनवर, तेही विचारावं. सामानही स्वतःच शिडीपर्यंत ओढायचं असतं, कारण टॅग लावून बॅग घेणारे हमाल मुख्य बंदरावर असतात.

आता ओझर-गोव्याचा बेत. त्या फेरीत कंपनी गोव्याहून तिकीट विकते का, हे आधी विचारावं. विकत असेल तर तेच घ्यावं, दोन-तीन हजार जास्त पडले तरी. नसेल तर मुंबईच्या तिकिटावर लेखी परवानगी. विमान मोपाला उतरतं की दाबोळीला, हेही पाहावं. जहाज लागतं मुरगाव बंदरात, वास्कोला. दाबोळी तिथून अगदी जवळ, तर मोपा उत्तर टोकाला, टॅक्सीनं दीड-दोन तास. जहाज संध्याकाळी सुटणार म्हणून दुपारनंतरचं विमान धरू नये. तपासणीचे लोक थांबतील ती वेळ परवानगीच्या पत्रात असते, तीच खरी. भारतातल्या भारतातल्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, पण आधारसारखं मूळ ओळखपत्र हातातल्या बॅगेत हवं.

काहींना उलटं हवं असतं: मुंबईहून चढून गोव्याला उतरायचं आणि विमानानं घरी. त्यालाही अशीच आगाऊ परवानगी लागते. आदल्या रात्री रिसेप्शनवर बिल चुकतं करावं, बॅग दाराबाहेर न ठेवता स्वतः न्यावी, आणि शिडीवरच्या माणसाला 'परत येणार नाही' असं सांगून कार्ड स्कॅन करून उतरावं. नाहीतर संध्याकाळी जहाज सुटताना स्पीकरवर तुमच्या नावाचा पुकारा होत राहतो.