टो बारचा गोळा आणि कॅम्पर व्हॅनच्या वजनाचं गणित, मागची गोष्ट

इंग्लंडात सेकंडहँड कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, बघायला जा, मागच्या टो बारच्या, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या दांड्याच्या, गोळ्यावर बऱ्याचदा चिरलेला टेनिस बॉल घातलेला दिसतो, पँटला ग्रीस लागू नये म्हणून. आतला गोळा ५० मिलिमीटरचा, मूळचा जर्मनीचा. वेस्टफालिया ही १८४४ सालची लोहारकाम आणि घोडागाड्या करणारी कंपनी, तिथल्या फ्रान्झ क्नोबेलने १९३० च्या दशकात गोळ्याची कपलिंग, म्हणजे गाडी-ट्रेलर जोडणारा सांधा, काढली, गोळा अशासाठी की वळण असो नाहीतर चढउतार, ट्रेलर सगळीकडे फिरला पाहिजे. आणि गंमत बघा, १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये झोपायची सोय असलेली कॅम्पिंग बॉक्स बसवली तीही ह्यांनीच, म्हणजे गोळा आणि कॅम्पर एकाच घरचे! अर्थात तेव्हाचं इंजिन २५ हॉर्सपॉवरचं, चढावर स्वतःलाच ओढताना दम लागणार, मागे आणखी काय लावणार.

पुढे इंजिनं वाढली, ही चाकांवरची घरं जड झाली आणि नियम आले. १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदलेल्या नव्या कारला ब्रिटनमध्ये टाइप अप्रूव्ह्ड, म्हणजे त्या गाडीसाठी तपासून मंजूर केलेला, टो बारच लागतो, त्याआधी गॅरेजवाले बिनदिक्कत स्वतःच वेल्डिंग करून द्यायचे. पण खरी गोची लायसन्सची. १ जानेवारी १९९७ च्या आधी टेस्ट पास झालेल्यांना गाडी आणि ट्रेलर मिळून ८.२५ टनांपर्यंत मुभा, नंतरच्यांना साडेतीन टनी कॅम्परमागे फक्त ७५० किलोचा ट्रेलर, जास्त हवं तर वेगळी टेस्ट. म्हणजे वडील ओढू शकतात आणि मुलगा नाही, तीच व्हॅन, तोच ट्रेलर. १६ डिसेंबर २०२१ ला ही भानगड संपली, आता साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर चालतो.

पण लायसन्स चालतं म्हणून व्हॅन ओढेलच असं नाही. दाराजवळच्या प्लेटवर चार आकडे असतात, पहिला व्हॅनचं कमाल वजन, दुसरा व्हॅन आणि ट्रेलर मिळून, खालचे दोन पुढच्या-मागच्या ॲक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसांवर किती भार चालेल ते. समजा पहिला ३५०० किलो आणि दुसरा ५५००, तर पाणी, गॅस, सायकली, मंडळी सगळं भरून व्हॅन ३५०० वर गेली की ट्रेलरला उरले २०००, टो बारवर कितीही छापलेलं असो.

गोळ्यावर खाली पडणारा भार वेगळाच, साधारण ७५ ते १०० किलो. आपल्या बैलगाडीवाल्याला हे सांगावं लागत नाही, माल मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलतं, म्हणून तो पोती पुढे सरकवतो. ट्रेलरचंही तेच, भार कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो. उलट कॅम्परचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर, त्यामुळे गोळ्यावरचे १०० किलो मागच्या ॲक्सलला १०० पेक्षा जास्तच जाणवतात आणि पुढची चाकं हलकी होतात.

एका विक्रेत्याने मला ऐकवलं होतं, हूक आहे म्हणजे ओढतेच की. मी वाकून प्लेट बघितली, दुसरी ओळ कोरी. म्हणजे ती गाडी ओढायला नाहीच, हूक सायकल स्टँडपुरता.