चिनी मुलं परदेशात कुणात मिसळतच नाहीत म्हणे!
चिनी विद्यार्थी परदेशात आपलाच घोळका करून राहतात, त्यांना मिसळायचंच नसतं, हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते चूक आहे. संशोधक एलिझाबेथ गॅराइस यांच्या 2012 च्या अभ्यासात अमेरिकेत शिकणाऱ्या वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास 40 टक्के जणांना एकही जवळचा अमेरिकन मित्र नव्हता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मैत्री हवी होती! मग दोष फक्त चिनी मुलांचाच कसा? ग्रुप प्रोजेक्टला जोड्या आधीच ठरलेल्या असतात, गप्पा लहानपणापासूनच्या टीव्ही शोवर चालतात, नवा पोरगा नुसता हसून मान हलवतो, मग रूम कुठे मिळेल, बँक खातं कसं उघडायचं हे वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर आपल्या सीनियर्सनाच विचारणार ना? आपली पोरंही तिकडे गेल्यावर मराठी मंडळ शोधतातच की.