उत्क्रांतीने मेंदू दिला, तर्क कुठून आला?

विश्व निव्वळ योगायोगाने घडलेलं नाही, असं आतून वाटतं. पण माणसाचं मन खालच्या प्राण्यांच्या मनातून विकसित झालं असेल, तर अशा वाटण्यावर भरवसा कितपत ठेवायचा? चार्ल्स डार्विनने ३ जुलै १८८१ रोजी विल्यम ग्रॅहम यांना लिहिलेल्या पत्रात ही शंका आहे. तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनी १९९३ मध्ये तिला रीतसर युक्तिवादाचं रूप दिलं. नैसर्गिक निवड वागणूक पारखते, समजूत खरी की खोटी हे पाहत नाही. मग केवळ तिनेच घडवलेल्या बुद्धीवर, आणि त्या बुद्धीने मांडलेल्या उत्क्रांतिवादावर तरी, विश्वास का ठेवावा?

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपली बुद्धी खरोखर कशी चालते, हे पाहूनच तिला उत्तर देता येतं.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं कोडं घरीही करून पाहता येईल. टेबलावर चार पत्ते ठेवा: अ, क, ४, ७. प्रत्येकावर एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे ठरवायला नेमके कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर आहे ‘अ आणि ७’. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. आपण नियमाला दुजोरा शोधतो, तो खोडणारा पुरावा शोधत नाही. चूक होते ती इथे.

आता नियम बदला: बिअर पिणाऱ्याचं वय १९ पेक्षा जास्त हवं. पत्ते: बिअर, कोक, २२, १६. प्रत्येकावर एका बाजूला पेय, दुसऱ्या बाजूला पिणाऱ्याचं वय. उलटायचे ते ‘बिअर आणि १६’. मानसशास्त्रज्ञ ग्रिग्ज आणि कॉक्स यांच्या १९८२ च्या प्रयोगात सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी अचूक उत्तर दिलं. तर्क तोच, फक्त प्रश्न नियम मोडणारा पकडण्याचा. टोळीत राहणाऱ्या प्राण्याला हे जमावं, यात उत्क्रांतीची छाप दिसते, असं मानसशास्त्रज्ञ लीडा कॉस्मिडीस यांचं म्हणणं. त्यावर वाद अजून चालू आहे.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो मॉशमन आणि गील यांचा १९९८ चा निष्कर्ष. अक्षर-अंकांचं कोडं एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्केच यशस्वी झाले. पाच-सहा जणांनी चर्चा करून सोडवलं तेव्हा सुमारे ७५ टक्के गटांना ते सुटलं. मेंदू तेच, पण प्रत्येकाला दुसऱ्याची चूक दिसत होती. गटात सगळे आधीपासून एकाच मताचे असतील तर मात्र हा फायदा होत नाही, उलट मत आणखी घट्ट होतं. प्लँटिंगांना माझं उत्तर इथून सुरू होतं: विज्ञान एकट्या मेंदूच्या भरवशावर उभं नाही. भाषा, लेखन, मोजमाप, उघड वादविवाद यांनी ते तोललेलं आहे. ही साधनं उत्क्रांत मेंदूंनीच घडवली, पण ती जनुकांतून मिळत नाहीत. प्रत्येक पिढीला शिकावी लागतात. ‘फक्त उत्क्रांती’ म्हणजे फक्त जनुकं असं धरलं, तर तर्काचा हिशेब अपुरा राहतो.

देवावरच्या श्रद्धेचंही तसंच: तिचा हिशेबही फक्त जनुकांनी पुरा होत नाही. गवत हललं की तिथे कुणीतरी आहे असं समजून पळणं स्वस्त, वाघाला वारा समजणं महाग. म्हणून मेंदू ‘कर्ता’ शोधण्याकडे झुकतो. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल यांनी ३४ जणांना नुसते हलणारे त्रिकोण आणि वर्तुळ दाखवले. केवळ एकीने भूमितीच्या भाषेत वर्णन केलं, बाकीच्यांना तिथे सजीवांची हालचाल दिसली. पण गवतातली भीती क्षणात विरते. तिचा देव होऊन तो हजार वर्षं टिकायला कथा, विधी, सण आणि शिकवणारी माणसं लागतात. शिवाय श्रद्धा कशी उपजली हे कळल्याने ती खोटी ठरत नाही, आणि खरीही ठरत नाही. नास्तिकाचा मेंदूही त्याच उत्क्रांतीतून आला आहे. देव आहे की नाही, हे दोघांनाही वेगळ्या पुराव्यांवर आणि युक्तिवादांवर तपासावं लागतं.