बर्स्टिंग स्ट्रेंग्थ (कागद व पुठ्ठ्याचा फुटण्याचा दाब)

कडेने घट्ट आवळलेल्या पातळ, सपाट कागदावर एका बाजूने सारखा दाब वाढवत नेला, तर ज्या दाबाला तो फुटतो तो त्याचा फुटण्याचा दाब होय. खोक्यांच्या धंद्यात त्याला नुसते ‘बर्स्टिंग’ किंवा ‘बी.एस.’ म्हणतात. तो किग्रॅ./चौ. सेंमी. किंवा किलोपास्कलमध्ये देतात (१ किग्रॅ./चौ. सेंमी. म्हणजे सु. ९८ किलोपास्कल). नाशिकला ही संख्या मुख्यतः द्राक्षांच्या पेट्यांमुळे ठाऊक आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातील निर्यातदार पेटी मागवताना प्लाय (पुठ्ठ्यातील कागदाचे थर), जी.एस.एम. (कागदाचे चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) आणि बी.एफ. (बर्स्ट फॅक्टर, म्हणजे वजनाच्या मानाने बर्स्टिंग) या तिन्हींवर बोली करतात.

उगम : चाचणीच्या यंत्राचे श्रेय अमेरिकेतील जॉन डब्ल्यू. मलन यांना देतात आणि साल बहुधा १८८७ सांगितले जाते. यंत्राची घडण नंतर बरीच सुधारली गेल्याने हे साल मूळ कल्पनेचे मानावे, आजच्या यंत्राचे नव्हे. मलन यंत्र द्रवाच्या दाबाने चालते; युरोपात हवेच्या दाबाने चालणारे शॉपर-दालेन यंत्रही वापरात होते. जुन्या तक्त्यांतील आकडे कोणत्या यंत्रावरचे आहेत हे पाहिल्याशिवाय त्यांची तुलना करू नये. अमेरिकन रेल्वेच्या मालवाहतूक नियम ४१ ने खोक्याची प्रत बर्स्टिंगवर ठरवली आणि ही चाचणी जगभर रुजली. १९९१ मध्ये त्याच नियमाने कडेच्या दाबसहनशक्तीचा (ई.सी.टी.) पर्याय दिला.

चाचणी : नमुना दोन कड्यांमध्ये आवळतात. कागदासाठी वरच्या कड्याचे भोक ३०.५ मिमी. व्यासाचे असते (आंतरराष्ट्रीय मानक आय.एस.ओ. २७५८), पुठ्ठ्यासाठी ३१.५ मिमी. (आय.एस.ओ. २७५९). खाली रबरी पडदा असतो आणि त्याखाली ग्लिसरीन. पंप कागदासाठी मिनिटाला ९५ मिलि., तर पुठ्ठ्यासाठी १७० मिलि. या ठरलेल्या गतीने चालतो. पडदा फुगतो, कागदाचा घुमट होतो, ‘फट्’ असा आवाज येतो आणि मापकाचा काटा सर्वोच्च दाबावर अडकून राहतो. फुटलेला तुकडा उजेडात धरून पाहावा. मुख्य चीर बहुतेकदा यंत्रदिशेला (कागद बनताना यंत्रातून पुढे सरकतो ती दिशा) आडवी असते, कारण यंत्रदिशेने कागद कमी ताणला जातो आणि त्याची सहनशक्ती आधी संपते. नमुना ठरावीक तापमान व आर्द्रतेत ठेवूनच फोडावा. जागतिक प्रमाण २३° से. व ५०% आहे. उष्ण देशांसाठी २७° से. व ६५% चालते.

अंदाज : यंत्राशिवाय हा दाब काढता येईल का, यावर बरेच काम झाले आहे. गोल पटलाचे गणित हेंकी यांनी १९१५ मध्ये मांडले, पण व्यवहारात सोपी रीत पुरते. फुगलेला कागद गोलाचा तुकडा मानला, तर दाब म्हणजे दोन्ही दिशांच्या ताणांची बेरीज भागिले घुमटाची त्रिज्या. घुमटाची त्रिज्या ही भोकाची त्रिज्या भागिले √(६ × ताणवाढ) इतकी येते (ताणवाढ म्हणजे तुटेपर्यंत कागद मूळ लांबीच्या किती पट लांबतो ते; २% म्हणजे ०.०२). समजा, १२० जी.एस.एम. क्राफ्टचा (खोक्यांच्या तपकिरी कागदाचा) तुटतेवेळचा यंत्रदिशेचा ताण मीटरला ६ किलोन्यूटन, आडवा ३ आणि तुटतेवेळची वाढ २% आहे. घुमटाची त्रिज्या १५.२५ ÷ √०.१२, म्हणजे ४४ मिमी. होते. दाब ९ ÷ ०.०४४, म्हणजे सु. २०५ किलोपास्कल किंवा २.१ किग्रॅ./चौ. सेंमी. भरतो. बर्स्टिंग (ग्रॅम/चौ. सेंमी.) भागिले जी.एस.एम. म्हणजे बी.एफ. तो येथे सु. १७ येतो, आणि बाजारातल्या साध्या क्राफ्टशी हे जुळते. भोक निम्मे केले तर दाब दुप्पट येईल. म्हणून भोकाचा व्यास न सांगता दिलेला आकडा निरर्थक ठरतो.

पन्हळी पुठ्ठा : नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींकडे, किंबहुना देशभर, चालणारा हिशोब असा : प्रत्येक लायनरचे (सपाट थराचे) जी.एस.एम. × बी.एफ. पूर्ण धरायचे, फ्लूटचे (पन्हळी थराचे) निम्मे, आणि बेरजेला १००० ने भागायचे. पाच प्लायचे (तीन लायनर, दोन फ्लूट) पाचही थर १५० जी.एस.एम., २० बी.एफ. असतील तर (९००० + ३०००) ÷ १००० = १२ किग्रॅ./चौ. सेंमी. फ्लूट निम्माच का, यावर एकमत नाही. काहीजण तो मुळीच धरत नाहीत. पन्हळ आडव्या दिशेने नुसती उलगडते, ताण घेत नाही. पन्हळीच्या लांबीच्या दिशेने मात्र घेते. दोनपैकी एकाच दिशेने उपयोग होतो म्हणून ‘निम्मा’ हा नियम अधिक पटतो. तरी ती दिशा कागदाची दुबळी, आडवी बाजू असल्याने हिशोबाचा आकडा प्रत्यक्षाहून जास्त येतो असे समजावे. शिवाय थर एकाच क्षणी फुटत नाहीत आणि आवळताना पन्हळ चेपते. त्यामुळे पाच प्लायसाठी ही चाचणी शंकास्पद मानतात, सात प्लायला ती लावूच नये.

नाशिकच्या पेटीसाठी हे महत्त्वाचे आहे. अर्धा किलोचे दहा पनेट (फळांचे छोटे डबे) मावणारी ५ किलोची पेटी प्रीकूलिंगनंतर (माल आधी थंड केल्यावर) ०° से.च्या आसपास, ९०–९५% आर्द्रतेत थप्पीत उभी राहते. ओलसर कागदाची ताकद घटते पण ताणवाढ वाढते. म्हणून बर्स्टिंग फारसे ढळत नाही आणि आकडा दिलासा देत राहतो. थप्पीतल्या तळाच्या पेटीची दाबसहनशक्ती मात्र त्या दमटपणात सु. निम्म्यावर येते. कोपरे बसले की भार थेट फळावर येतो, आणि वर्षभराच्या मेहनतीचा माल तिथे चेपला जातो. पेटीच्या मागणीत बर्स्टिंगसोबत ई.सी.टी. लिहून घेणे म्हणूनच गरजेचे आहे. मॅकी यांच्या १९६३ च्या सूत्राने ई.सी.टी., पुठ्ठ्याची जाडी आणि पेटीचा परिघ यांवरून थप्पीची ताकद अंदाजता येते. बर्स्टिंगवरून ती येत नाही. खडबडीत हाताळणीत पेटी भोसकली किंवा फाटली जाईल का, एवढ्यापुरते बर्स्टिंग उपयोगी आहे.

इतर पदार्थ : कापडासाठी पडद्याची रीत आहे, तसेच पोलादी गोळा दाबून फोडण्याचीही. नोटांच्या कागदात घडीची सहनशक्ती अधिक पाहिली जाते. दाबपात्रांवर बसवतात त्या धातूच्या फुटतबकड्यांना (दाब जास्त झाला की फुटून तो बाहेर सोडणाऱ्या सुरक्षा-तबकड्यांना) हेच सूत्र लागू पडते : घुमटाकार तबकडीचा फुटण्याचा दाब म्हणजे दोनदा धातूचे ताणबल गुणिले जाडी, भागिले घुमटाची त्रिज्या.