पाण्याने अडवलेलं, पाण्यामुळेच मोल आलेलं: पीएलए या प्लास्टिकची पार्श्वभूमी

पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजेच पीएलए. थ्रीडी प्रिंटरच्या रिळावर गुंडाळलेलं असतं ते हे, आणि 'कंपोस्टेबल' असं छापलेल्या कपांमध्येही बहुधा हेच. बातम्यांमध्ये ते मक्यापासून किंवा उसापासून बनणारं नव्या जमान्याचं प्लास्टिक म्हणून येतं. प्रत्यक्षात त्याचं मूळ नायलॉनच्याही आधीचं आहे. मग इतकी वर्षं ते मागे का राहिलं आणि पुढे आलं ते कशामुळे? याचं उत्तर शोधायचं तर त्याच्या इतिहासात पाण्यावर नजर ठेवावी लागते. या पदार्थाला घडू देत नव्हतं ते पाणी, घडल्यावर मोडत होतं तेही पाणीच. आणि पुढे त्याला किंमत आली ती या मोडण्यामुळे.

सुरुवात स्वीडनमध्ये झाली. १७८० साली कार्ल शीलेने आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळं काढलं. त्यासाठी त्याने चुना वापरून कॅल्शियम लॅक्टेट बनवलं आणि त्यातून आम्ल मोकळं केलं. हे आम्ल सूक्ष्मजीवांच्या कामातून तयार होतं, हे लुई पाश्चरने १८५७ मध्ये दाखवलं. कारखान्यातली रूढ पद्धत आजही मुळात तीच: साखरेच्या द्रावात जीवाणू सोडायचे, आम्लता आटोक्यात ठेवायला चुना टाकायचा आणि शेवटी सल्फ्युरिक आम्ल घालून लॅक्टिक आम्ल मोकळं करायचं. यात एक टन लॅक्टिक आम्लामागे साधारण एक टन जिप्सम तयार होतं. पर्यावरणस्नेही म्हणवणाऱ्या या पदार्थाचा हिशेब मांडताना जिप्समचा हा ढीग सहसा कुणी मोजत नाही, आणि तो मोजलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

फ्रान्समध्ये तेओफील पेलूझने १८४५ मध्ये लॅक्टिक आम्ल तापवून त्यातलं पाणी काढलं आणि रेणू एकमेकांना जोडले. पीएलएचा पहिला प्रयत्न म्हणून याचीच नोंद होते. पण साखळी आखूडच राहिली. दोन रेणू जोडले गेले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि साखळी लांबवायची तर हे पाणी सतत बाहेर काढावं लागतं. साखळी वाढते तसा द्राव पाकासारखा घट्ट होत जातो, पाणी आतच अडकतं आणि जुळलेले दुवे पुन्हा सोडवू लागतं. हाती येतो तो ठिसूळ पदार्थ. शिवाय त्या काळात लांब साखळीचा रेणू असू शकतो हेच रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं; हरमान स्टाउडिंगर यांनी तसं १९२० मध्ये मांडलं आणि कित्येक वर्षं विरोध सोसला.

खरी वाट सापडली अमेरिकेत, ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत. वॉलेस कॅरदर्स तिथे १९२८ मध्ये रुजू झाले. १९३० साली त्यांचे सहकारी जुलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये (पीएलए याच कुळातलं) काचेची कांडी बुडवून वर उचलली, तर मागोमाग धागा ओढला गेला. थंड झाल्यावर तोच धागा आणखी ताणला, तेव्हा तो चमकदार आणि कितीतरी बळकट झाला. साखळ्या एका दिशेत रांगेने लागल्याचा तो परिणाम होता. १९३२ मध्ये कॅरदर्स आणि सहकाऱ्यांनी लॅक्टाइडवरचं काम प्रसिद्ध केलं. लॅक्टाइड म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या दोन रेणूंचं बंद कडं. कडं बनतानाच पाणी निघून गेलेलं असतं, त्यामुळे ते उघडून साखळीत ओवताना पाणी बाहेर पडायचा प्रश्नच राहत नाही. जवळपास नव्वद वर्षांची अडचण या एका युक्तीने सुटली.

तरीही काम पुढे गेलं नाही. कॅरदर्सच्या गटाचे त्या जातीचे पॉलिएस्टर कमी तापमानाला वितळत आणि गरम पाण्यात टिकत नसत. धुता न येणाऱ्या कापडाला कोण विचारणार? गट पॉलिअमाइड या दुसऱ्या जातीच्या साखळ्यांकडे वळला आणि १९३५ मध्ये नायलॉन हाती आलं. लॅक्टाइड बाजूला पडलं.

ते परत आणलं शल्यचिकित्सेने. जखम आतून शिवायला तेव्हा कॅटगट वापरत, म्हणजे मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या आतड्यांपासून केलेला धागा. शरीरात विरघळणारा कृत्रिम धागा हवाच होता. १९६६ मध्ये शल्यक्रियेतल्या रोपणांसाठी पीएलए वापरण्याविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावरचं पहिलं नाव आर. के. कुलकर्णी. प्राण्यांमध्ये रोपलेलं पीएलए ऊतींना अपाय न करता हळूहळू विरतं, असं त्या कामात दिसलं. ओलाव्यात मोडण्याची जी खोड कापडाला नडली होती, ती इथे गुण ठरली. शिवाय मोडून उरतं ते लॅक्टिक आम्ल, जे आपल्या स्नायूंना ओळखीचंच असतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पीएलएच्या जवळच्या नात्यातल्या पॉलिग्लायकोलिक आम्लाचा 'डेक्सॉन' हा धागा बाजारात आला, आणि त्यानंतर ग्लायकोलाइड (ग्लायकोलिक आम्लाचं तसंच कडं) व लॅक्टाइड ९०:१० प्रमाणात मिसळून केलेला 'व्हिक्रिल'. आजच्या शस्त्रक्रियागृहात हे नाव माहीत नसलेलं माणूस सापडणं कठीण.

हे शक्य झालं ते मोजमापाची साधनं सुधारल्यामुळे, आणि इतिहास सांगताना हा भाग फार घाईने उरकला जातो. पॉलिमर, म्हणजे असा लांब साखळीचा पदार्थ, बनवणं हे अर्धंच काम. काय बनलं ते कळणं हे उरलेलं अर्धं. साखळ्यांची लांबी आणि त्यांच्यातला कमीजास्तपणा जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफीने कळू लागला. हे तंत्र १९६४ मधलं. पदार्थ कोणत्या तापमानाला मऊ होतो, कधी स्फटिक धरतो, कधी वितळतो, हे डीएससी या, तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या, उपकरणाने दिसतं. पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ होतं, म्हणूनच साध्या पीएलएच्या कपात गरम चहा ओतला की कप वाकतो. वितळणबिंदू मात्र पक्का नाही. लॅक्टिक आम्लाची एल आणि डी अशी आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात. शुद्ध एल रूपाचं पीएलए १८० अंशांच्या आसपास वितळतं. त्यात डी मिसळत गेलं की स्फटिक विस्कटतात, आणि पुरेसं मिसळलं तर पदार्थ स्फटिक धरतच नाही. याउलट निव्वळ एल आणि निव्वळ डी साखळ्या एकत्र आणल्या तर त्या एकमेकींत इतक्या घट्ट बसतात की वितळणबिंदू सुमारे २३० अंशांवर जातो. जपानमध्ये योशितो इकादा यांच्या गटाने हे १९८७ मध्ये दाखवलं. तेच अणू, तेच बंध, फरक फक्त दिशेचा. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

धागा महाग असला तरी चालतं; कप महाग चालत नाही. स्वस्त पीएलएचं श्रेय अमेरिकेतल्या कारगिल कंपनीला जातं. तिथे पॅट्रिक ग्रुबर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मक्याच्या साखरेवर काम सुरू केलं. १९९७ मध्ये डाऊ या रसायन कंपनीसोबत भागीदारी झाली आणि २००२ मध्ये नेब्रास्कातल्या ब्लेअर इथे वर्षाला १ लाख ४० हजार टन क्षमतेचा कारखाना उभा राहिला. कंपनीचं आजचं नाव नेचरवर्क्स.

आपल्याकडे मक्याच्या जागी ऊस येणं साहजिकच होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डी. व्ही. गोखले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उसाच्या चिपाडातल्या सेल्युलोजपासून लॅक्टिक आम्ल मिळवण्याचं काम प्रसिद्ध केलं. चिपाड वापरलं तर खाण्याच्या साखरेला हात लावावा लागत नाही, म्हणून ही दिशा मोलाची. पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला बायोपॉलिमरचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं, आणि त्याच वर्षी बलरामपूर चिनी मिल्सने उत्तर प्रदेशात उसापासून पीएलए बनवण्याचा मोठा प्रकल्प जाहीर केला.

आता विघटनाकडे. पीएलएला जीवाणू थेट खात नाहीत. आधी पाणी साखळी तोडतं, तुकडे पुरेसे लहान झाले की मग सूक्ष्मजीवांचं काम सुरू होतं. थंड पदार्थात साखळ्या गोठल्यासारख्या स्तब्ध असतात आणि ही तोड अतिशय मंद चालते. कंपोस्टेबल ठरवण्याची चाचणी ५८ अंशांना घेतात, कारण औद्योगिक कंपोस्टच्या ढिगात साधारण तेवढी उष्णता असते; पीएलए मऊ होण्याचं तापमान याला लागूनच असल्याने तिथे ही तोड वेग धरते. ओलाव्याने पीएलए त्याहूनही थोडं आधी सैलावतं. चाचणीत बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि ९० टक्के कार्बन सहा महिन्यांच्या आत वायूरूप व्हावा लागतो. भारतात अशा मालासाठी आयएस १७०८८ हे मानक लागू आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गॅलरीतल्या कंपोस्टच्या कुंडीत किंवा समुद्रात ५८ अंश टिकत नाहीत, आणि तिथे पीएलए लवकर जाईल अशी आशा धरू नये.

पदार्थ कशापासून बनला आणि त्याचं पुढे काय होतं, हे दोन प्रश्न इथे वेगळे ठेवावे लागतात. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिलीन बनवते. ते बहुतांशी शेतातलं असूनही साध्या पॉलिथिलीनइतकंच टिकाऊ आहे. उलट कंपोस्टेबल पिशवीला लवचीकपणा यावा म्हणून पीएलएमध्ये मिसळलं जाणारं पीबीएटी हे लवचीक प्लास्टिक बहुतांशी खनिज तेलापासून बनतं, आणि तरी कंपोस्टमध्ये विघटित होतं.